‘आणि’नंतरचं नाव

नमस्कार मंडळी.

ओळख करून देताना मला ‘बास्केटबॉलच्या जाणकार’ म्हटलं गेलं. ऐकायला बरं वाटलं, पण खरं काय ते आधी सांगून टाकते. मी खेळले बेताचंच. माझी खरी वर्षं गेली ती स्कोअररच्या टेबलामागे. बाजूच्या रेषेबाहेर, मैदानाच्या बरोबर मध्यावर एक लांब टेबल मांडलेलं असतं. त्यावर घड्याळ, बझर आणि एक लांबलचक छापील कागद. तो कागद भरणारी बाई म्हणजे मी. आज बोलायचंय ते बाकावर बसून राहणाऱ्या खेळाडूंबद्दल, आणि त्यांतल्या केविन ऑली या अमेरिकी खेळाडूबद्दल, जो पुढे प्रशिक्षक झाला.

त्या कागदावर प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक बारीक चौकोन असतो. खेळाडू मैदानात उतरला की त्यात फुली मारायची. सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल काढायचा, बाकीच्यांची फुली नुसतीच. आणि जो उतरलाच नाही त्याचा चौकोन कोरा ठेवायचा. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये या कोऱ्या जागेलाही नाव आहे. सामन्याच्या आकडेवारीत खेळाडूच्या नावापुढे छापतात ‘डीएनपी – सीडी’. म्हणजे खेळला नाही, प्रशिक्षकाचा निर्णय. जखमी नव्हता, आजारी नव्हता, शिक्षाही झाली नव्हती. घोट्याला पट्ट्या बांधून, बुटाच्या नाड्या आवळून अडीच तास बसला होता, फक्त कोणी हाक मारली नाही.

बाकावर बसणारी ही माणसं मला नेहमी जवळून दिसत आली, कारण बाकाचं एक टोक टेबलाला लागूनच असतं. एक मुलगा मला अजून आठवतो. पूर्ण स्पर्धेत त्याच्या चौकोनात मी दोन की तीन फुल्या मारल्या असतील. एका सामन्यात तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “ताई, त्यांच्या सात नंबरचा तिसरा फाउल झाला. तुम्ही दोनच लिहिलेत.” मी तपासलं तर खरंच चुकलं होतं. त्याच्या संघाच्या प्रशिक्षकाला, कप्तानाला, पंचांना, कोणालाच ते लक्षात आलं नव्हतं. आणि हा बाकावर बसून दोन्ही संघांतल्या प्रत्येकाचे फाउल बोटांवर मोजत होता. मला राग आला, हे कबूल करते. स्कोअररला तिची चूक दाखवलेली आवडत नाही. पुढे तो मुलगा कुठे गेला, मला ठाऊक नाही. पण केविन ऑलीबद्दल वाचायला लागले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर तोच आला.

ऑलीकडे जाण्याआधी एका शब्दाबद्दल. एका संघातून दुसऱ्यात फिरत राहणाऱ्या अशा खेळाडूंना इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. त्यात ‘जर्नी’ दिसतं म्हणून आपण त्याला प्रवासी समजतो, आणि तो फिरतोही भरपूर, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण मुळात हा शब्द आला दिवस या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. युरोपात कारागिरांचे संघ होते. त्यांत ज्याची उमेदवारी संपली आहे, काम येतं, पण स्वतःचं दुकान नाही, म्हणून जो दुसऱ्याच्या दुकानात रोजावर राबतो, तो जर्नीमन. आपल्या भाषेत सांगायचं तर रोजंदारीवरचा कसबी कारागीर. शिकाऊ नव्हे, हे ध्यानात ठेवा. कसब त्याच्याकडे पुरेपूर आहे. नाही ती हक्काची जागा.

एनबीएत ही रोजंदारी अक्षरशः आहे. ५ जानेवारीपासून संघांना दहा दिवसांचे करार करता येतात. दहा दिवस किंवा तीन सामने, यांतलं जे जास्त भरेल तेवढी मुदत. एका मोसमात एकाच संघाशी असे दोन करार होऊ शकतात. त्यानंतर संघानं ठरवायचं, याला मोसम संपेपर्यंत ठेवायचं की रजा द्यायची. मधला मार्ग नाही. म्हणजे माणूस एका शहरात उतरतो, हॉटेलात बॅग टाकतो, संध्याकाळी सरावाला जातो आणि त्याच्या हातात संघाच्या डावपेचांचं बाड पडतं. पुढच्या दहा दिवसांत ते पाठ करायचं, सहकाऱ्यांची नावं आणि खोडी लक्षात ठेवायच्या, आणि हाक आली तर पहिल्या चेंडूपासून चूक न करता खेळायचं. हाक येईलच असंही नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसं. विंचवाला निदान कोणी दर दहा दिवसांनी डंख तपासायला बोलवत नाही.

सर्वांत जास्त संघांकडून खेळण्याचा विक्रम ईश स्मिथच्या नावावर आहे, एनबीएचे १३ संघ. त्याच्या आधी चकी ब्राऊन, टोनी मॅसेनबर्ग, जिम जॅक्सन आणि जो स्मिथ हे चौघं प्रत्येकी १२ संघांवर थांबले होते. केविन ऑलीचा आकडा ११. की १२? त्याची गंमत पुढे येईलच.

ऑलीचा जन्म १९७२ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. वाढला लॉस एंजेलिसमध्ये, क्रेनशॉ हायस्कूलमध्ये. तिथून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकट विद्यापीठात, जिम कॅल्हून यांच्या हाताखाली चार वर्षं. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन येणारा आणि खेळ मांडून देणारा. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, दोन्ही फेऱ्या झाल्या, याचं नाव कोणी घेतलं नाही. मग तो ‘कॉन्टिनेंटल बास्केटबॉल असोसिएशन’मध्ये गेला. तिला सीबीए म्हणत. एनबीएच्या दारात उभ्या असलेल्यांची ती लीग, लहान शहरं, लहान सभागृहं, लहान पगार. ऑली ‘कनेक्टिकट प्राइड’कडून खेळला.

सीबीएचा एक नियम मला स्कोअरर म्हणून फार आवडतो, दोन मिनिटं तिथे थांबते. तिथे क्रमवारी नुसत्या जय-पराजयावर ठरत नसे. प्रत्येक सामन्यात सात गुण वाटले जात. सामना जिंकणाऱ्याला तीन, आणि चारपैकी प्रत्येक क्वार्टर जिंकणाऱ्याला एकेक. आता बघा, तुम्ही तीन क्वार्टरनंतर २५ गुणांनी मागे आहात. एरवी अशा वेळी प्रशिक्षक मुख्य खेळाडूंना बसवतो, राखीव खेळाडूंना उतरवतो आणि प्रेक्षक गाडी काढायला उठतात. तो काळ कचऱ्यात जमा. सीबीएत तसं नव्हतं. हरलेल्या सामन्याचा शेवटचा क्वार्टरही जिंकण्यासारखा असे. बाकावरच्या माणसाची बारा मिनिटं तिथे मोजली जात. या लीगमधून जे प्रशिक्षक घडले त्यांची यादी पाहिली की चकित व्हायला होतं. फिल जॅक्सन यांनी ‘ऑल्बनी पॅट्रून्स’ला १९८४ मध्ये सीबीएचं विजेतेपद मिळवून दिलं, नंतर शिकागोलाही त्यांनी एनबीएची विजेतेपदं मिळवून दिली. जॉर्ज कार्ल तिथलेच. फ्लिप सॉन्डर्स तिथलेच. त्याच ऑल्बनी संघाकडून १९८७-८८ मध्ये स्कॉट ब्रूक्स नावाचा ठेंगणा गार्ड खेळला. त्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नव्हतं. हे नाव लक्षात ठेवा.

ऑली एनबीएत पोहोचला १९९७ मध्ये, डॅलसकडून. त्यानंतरची यादी मी एका दमात वाचते: ऑर्लँडो, सॅक्रामेंटो, पुन्हा ऑर्लँडो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, पुन्हा फिलाडेल्फिया, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिॲटल, क्लीव्हलँड, तिसऱ्यांदा फिलाडेल्फिया, मिनेसोटा, ओक्लाहोमा सिटी. शहरं मोजली तर १२ होतात. पण सिॲटलचा संघच २००८ मध्ये उठून ओक्लाहोमा सिटीला गेला होता, त्यामुळे कागदोपत्री संघ ११. म्हणजे या माणसाच्या बाबतीत बिऱ्हाड फक्त त्यानं हलवलं नाही, त्याच्यामागे संघानंही हलवलं.

तेरा मोसम, साडेसहाशेहून जास्त सामने, आणि सरासरी? सामन्यामागे चारच्याही खाली गुण. तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचा नेम कधी भरवशाचा नव्हता. मग हा टिकला कसा, याचं उत्तर आकडेवारीच्या रकान्यांत सापडत नाही, हे आकडे लिहिणारी बाईच तुम्हाला सांगते आहे.

त्याची एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. फेब्रुवारी २००२. शिकागो आणि इंडियाना यांच्यात मोठी अदलाबदल झाली. बातमी अशी होती: जेलन रोझ शिकागोला, रॉन आर्टेस्ट, ब्रॅड मिलर, रॉन मर्सर आणि केविन ऑली इंडियानाला. बरोबर वर्षानं, फेब्रुवारी २००३. गॅरी पेटन सिॲटल सोडून मिलवॉकीला, त्या बदल्यात रे ॲलन सिॲटलला. पेटन आणि ॲलन, दोघंही त्या काळचे मोठे तारे, मथळे त्यांचेच. आणि ॲलनबरोबर मिलवॉकीहून सिॲटलला आणखी कोण गेलं? रोनाल्ड मरे, एक ड्राफ्टचा हक्क, आणि केविन ऑली. त्यात ॲलन हा त्याचा विद्यापीठातला सहकारी. एकाच विमानानं गेले की नाही कोण जाणे, पण एकासाठी शहरभर फलक लागले असणार आणि दुसऱ्याला घर भाड्यानं शोधायचं होतं. त्याचं नाव दोन्ही वेळा ‘आणि’नंतर आलं.

आता मी जरा खेळाच्या आत शिरते, कारण माझा मुद्दा तिथे आहे.

समजा, समोरच्या संघाचा गार्ड चेंडू घेऊन मैदानाच्या कडेनं येतोय. त्याचा एक धिप्पाड सहकारी येऊन त्याच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. हा झाला स्क्रीन. गार्डला त्या भिंतीच्या आडोशानं मधल्या मोकळ्या जागेत शिरायचंय. बचाव करणाऱ्यांनी काय करायचं? एक उपाय असा: गार्डच्या बचावपटूनं आधीच वळून भिंतीच्या बाजूची वाट अडवायची, त्याला कडेकडेनं खाली ढकलायचं, आणि तिथे आपला उंच खेळाडू वाट बघत उभा ठेवायचा. ही चाल एकच, पण एका संघात तिला ‘आइस’ म्हणतात, दुसऱ्यात ‘ब्लू’, तिसऱ्यात ‘डाउन’. मागे उभा असलेला उंच खेळाडू शब्द ओरडतो आणि पुढच्याला पाठीमागचं काही दिसत नसताना, त्या एका शब्दावर, अर्ध्या सेकंदात अंग वळवायचं असतं. गेल्या महिन्यात तुम्ही जिथे होतात तिथे ‘ब्लू’चा अर्थ वेगळा असेल आणि डोक्यात क्षणभर गोंधळ झाला, तर तो गार्ड मोकळा सुटतो आणि बाकावरून प्रशिक्षक तुमच्याकडे बघतो. त्या बघण्याचा अर्थ रोजंदारीवरच्या माणसाला लगेच कळतो.

जो एकाच संघात बारा वर्षं राहिला त्याच्यासाठी ‘ब्लू’ म्हणजे ‘ब्लू’. तो शब्द आणि ती चाल त्याच्या डोक्यात एकजीव झालेली असते. ज्यानं अकरा बोलीभाषा शिकल्या त्याला कळून चुकतं की शब्द बदलतात, खालची हाडं तीच. कुठल्या प्रशिक्षकानं कशाला जास्त महत्त्व दिलं, काय गाळलं, का गाळलं, हेही त्याला कळतं, कारण तुलनेला दहा नमुने आहेत. आणि कोणाला तरी ते समजावून सांगण्याची सवय लागते, कारण बाकावर त्याच्या शेजारी नेहमीच एखादा नवखा बसलेला असतो. प्रशिक्षकाचं काम वेगळं काय असतं हो? स्वतःच्या डोक्यातली चाल दुसऱ्याच्या पायांपर्यंत पोहोचवायची, ती त्याच्या शब्दांत.

टाइमआउट कधी नीट बघा. एनबीएत तो ७५ सेकंदांचा असतो. बझर वाजतो, खेळणारे पाच जण येऊन धपकन खुर्च्यांवर बसतात, पाणी, टॉवेल. प्रशिक्षक लगेच त्यांच्याकडे जात नाहीत. आधी आपल्या साहाय्यकांबरोबर थोडं बाजूला उभे राहतात, काय सांगायचं ते ठरवतात. मग स्टूल ओढून बसतात, पाटी मांडीवर, मार्कर हातात. या मधल्या वीस-पंचवीस सेकंदांत खेळाडूंशी कोण बोलतं, ते बघायचं. बहुतेक वेळा उभ्या असलेल्यांपैकी, म्हणजे बाकावरच्यांपैकी, एखादा खाली वाकलेला दिसेल. “तो डावीकडेच वळतोय, उजवीकडे एकदाही गेला नाही.” एवढंच. टीव्हीवर त्या वेळी जाहिराती चालू असतात.

२००९ मध्ये ऑली ओक्लाहोमा सिटीत आला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. संघात केविन ड्युरंट एकवीस वर्षांचा, रसेल वेस्टब्रूक एकवीसच्या उंबरठ्यावर, जेम्स हार्डन नुकताच आलेला, वीस. आदल्या मोसमात हा संघ ८२ पैकी २३ सामने जिंकला होता. प्रशिक्षक कोण? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले स्कॉट ब्रूक्स. स्वतः सहा संघांत राखीव गार्ड म्हणून फिरलेले. एका फिरस्त्यानं दुसऱ्याला बोलावलं ते गुण करायला नाही, हे उघड होतं. ऑली फार कमी खेळला. त्या मोसमात संघानं ५० सामने जिंकले, ड्युरंट गुणांच्या सर्वाधिक सरासरीचा सर्वांत तरुण मानकरी ठरला, ब्रूक्स वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक. श्रेय अर्थातच गुणवत्तेचं, ते तिघं पुढे एकेक करून लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. पण ड्युरंटनं नंतर जाहीरपणे सांगितलं की संघाला वळण लागलं ते ऑलीमुळे. रोज कामावर कसं यायचं, हे त्या पोरांनी याच्याकडे बघून उचललं.

आपल्याकडे एक रीत आहे. खेळाडूला आपण एकेरी बोलतो, ‘तो आला, तो खेळला’, मग तो कितीही मोठा असो. आणि प्रशिक्षकाला ‘सर’, ‘ते’. मीही आतापर्यंत ऑलीला ‘तो’ म्हणत आले. ‘ते’ नक्की कुठून सुरू करायचं, यावर मी घरी बराच विचार केला. विद्यापीठानं नेमणूकपत्र दिलं तिथून म्हणणं सोपं आहे. माझ्या मते ओक्लाहोमातल्या त्या बाकावरच ते झालं होतं. पण कागद लिहिणाऱ्या बाईला कागदाचा नियम पाळायला हवा, म्हणून नेमणुकीपासूनच धरते.

२०१० मध्ये खेळणं थांबवून ऑली कॅल्हून यांचे साहाय्यक म्हणून कनेक्टिकटला परतले. २०११ मध्ये त्या संघानं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. सप्टेंबर २०१२ मध्ये कॅल्हून निवृत्त झाले आणि ऑली मुख्य प्रशिक्षक झाले. मुदत? पुढच्या एप्रिलपर्यंत. जेमतेम सात महिने. कधीकाळी दहा दिवसांच्या करारांवर खेळलेल्या माणसाला विद्यापीठानंही आधी बोलीवरच ठेवलं. वर संघाची अवस्था अशी की खेळाडूंच्या अभ्यासाची प्रगती राष्ट्रीय निकषापेक्षा कमी पडल्यामुळे त्या वर्षी संघाला राष्ट्रीय स्पर्धेतून बाद केलेलं. हा दोष आधीच्या वर्षांचा. चांगले खेळाडू सोडून गेले, कोणी एनबीएत, कोणी दुसऱ्या विद्यापीठांत. जे राहिले त्यांना पूर्ण वर्ष अशा मोसमात खेळायचं होतं ज्याच्या शेवटी काहीच नव्हतं.

पहिला सामना कुठे व्हावा? जर्मनीतल्या रामस्टाइनला, अमेरिकी हवाई दलाच्या तळावर. मिशिगन स्टेटसारख्या तगड्या संघाला ६६-६२ असं हरवलं. मोसमाअखेर २० विजय, १० पराभव. मी म्हणेन, २०१४ च्या विजेतेपदापेक्षा हे वर्ष मोठं. पुढे काही मिळणार नसताना रोज झटून खेळायला लावणं, हे कोणाला जमेल? ज्यानं स्वतः तेच केलं होतं त्याला. नवा, लांब मुदतीचा करार त्यांना डिसेंबरमध्येच मिळाला.

मग २०१४. त्याबद्दल फार बोलत नाही, ती कथा सगळ्यांना सांगायला आवडते. मार्चमध्ये लुईव्हिलनं या संघाला ३३ गुणांनी धुतलं. तरी राष्ट्रीय स्पर्धेत सातव्या मानांकनानं प्रवेश मिळाला. पहिलाच सामना जादा वेळेत कसाबसा वाचवला, मग व्हिलानोव्हा, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट, सलग ३० सामने जिंकून आलेला फ्लोरिडा. अंतिम सामना ७ एप्रिलला टेक्सासमध्ये, अर्लिंग्टनच्या अवाढव्य फुटबॉल स्टेडियममध्ये, केंटकीशी. केंटकीचे सुरुवातीचे पाचही जण पहिल्या वर्षाचे, एकेक जण एनबीएच्या वाटेवर. इकडे शबाझ नेपियर, चौथ्या वर्षाचा, बंदीच्या वर्षातही न सोडून गेलेला. निकाल ६०-५४. सातव्या मानांकनाचा संघ त्याआधी कधीच जिंकला नव्हता.

माझी नजर मात्र फ्री थ्रोच्या रकान्यावर. फ्री थ्रो म्हणजे बास्केटबॉलमधला सगळ्यात एकटा क्षण. रिंगमागच्या फळीपासून साडेचार मीटरवर उभं राहायचं, समोर कोणी अडवणारं नाही, घड्याळ थांबलेलं, आणि त्या दिवशी ७९ हजारांहून जास्त माणसं बघताहेत. कनेक्टिकटला दहा मिळाले, दहाच्या दहा आत. केंटकीला चोवीस मिळाले, त्यातले तेरा आत गेले, अकरा चुकले. सामन्यातलं अंतर होतं सहा गुणांचं. फ्री थ्रोला उंची लागत नाही, उडी लागत नाही. दररोज सरावानंतर थांबून, दमलेल्या पायांवर ते मारावे लागतात.

इथे थांबले असते तर छान गोष्ट झाली असती: साधा माणूस, कष्ट, शेवटी मुकुट. आणि त्यावरून एक सिद्धांतही काढता आला असता की मोठे खेळाडू चांगले प्रशिक्षक होत नाहीत, बाकावरचेच होतात. हा सिद्धांत मी स्वतः बरीच वर्षं छातीठोकपणे सांगत फिरले. तो साफ चुकीचा आहे. लॅरी बर्ड यांच्याइतके मोठे खेळाडू किती? त्यांनी इंडियानाला तीन वर्षं शिकवलं, पहिल्याच मोसमात सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, तिसऱ्यात संघ अंतिम फेरीत. बिल रसेल तर १९६८ आणि १९६९ मध्ये स्वतः खेळत खेळत प्रशिक्षक म्हणून एनबीएचं विजेतेपद जिंकले. आणि उलट, फिरस्त्या खेळाडूंपैकी बहुतेकांना प्रशिक्षकाची संधीच मिळत नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. मी एवढंच म्हणते की बाकावर एक विशिष्ट शिक्षण मिळतं. ते घेणारे घेतात.

टायरॉन लू यांनी ते घेतलं. २००१ च्या एनबीए अंतिम फेरीआधी लॉस एंजेलिस लेकर्सच्या सरावात या तरुण राखीव गार्डला काम होतं समोरच्या फिलाडेल्फियाचा तारा ॲलन आयव्हर्सन याची नक्कल करण्याचं. म्हणजे मुख्य खेळाडूंना आयव्हर्सनला अडवण्याचा सराव व्हावा म्हणून हा आठवडाभर आयव्हर्सन झाला. पहिल्या सामन्यात त्याला प्रत्यक्ष अडवायला उतरवलं. बराच वेळ त्यानं अडवलंही. मग जादा वेळेत आयव्हर्सननं कोपऱ्यातून बास्केट केला, लू खाली पडला, आणि आयव्हर्सन त्याच्यावरून पाऊल टाकून सावकाश ओलांडून गेला. ते चित्र जगभर पोहोचलं. लेकर्सनी पुढचे चारही सामने जिंकून विजेतेपद घेतलं, पण लू म्हटलं की लोकांना आठवायचा तो जमिनीवर पडलेला. योगायोग म्हणजे फिलाडेल्फियाच्या त्या मोसमाच्या संघात ऑली होता. पंधरा वर्षांनी, २०१६ मध्ये, हेच लू क्लीव्हलँडचे प्रशिक्षक. ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध अंतिम फेरीत १-३ असे मागे. सातव्या सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी भर खोलीत सुनावलं ते संघाच्या सर्वांत मोठ्या ताऱ्याला, लेब्रॉन जेम्सला. तू याहून चांगलं खेळायला हवंस. ९३-८९ असे जिंकले. अंतिम फेरीत १-३ वरून त्याआधी कोणीच जिंकलं नव्हतं. आणि दोन वर्षांनी, मोसमाचे पहिले सहा सामने हरल्यावर, क्लीव्हलँडनं त्यांना काढून टाकलं.

हे कोणी आधी सांगत नाही. बाकावरून उठून प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसलात म्हणजे रोजंदारी संपली असं नाही.

ऑली सरांचंही तेच झालं. २०१६-१७ मध्ये १६ विजय, १७ पराभव. पुढच्या वर्षी १४ आणि १८. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठानं त्यांना काढलं, आणि नियमभंगाची चौकशी चालू असल्याचं कारण देऊन उरलेल्या कराराचे पैसे नाकारले. २०१९ मध्ये विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेनं त्यांच्यावर ठपका ठेवला, तीन वर्षांचं बंधन घातलं. हे मी झाकणार नाही. दुसरीकडे, विद्यापीठातले प्रशिक्षक हे प्राध्यापकांच्या कामगार संघटनेचे सभासद होते, म्हणजे त्यांना काढताना संघटनेच्या करारातले निकष पाळणं भाग होतं. प्रकरण लवादाकडे गेलं. जानेवारी २०२२ मध्ये लवादानं निर्णय दिला की ते निकष पाळले गेले नाहीत, आणि ११ दशलक्ष डॉलरहून जास्त रक्कम त्यांना द्यायला लावली. ज्या माणसानं सुरुवातीच्या काळात दहा दिवसांच्या करारांवर दिवस काढले, त्याच्या बाजूनं शेवटी उभा राहिला तो प्राध्यापकांच्या युनियनचा करार. मला यात फार मजा वाटते.

निर्णय येण्याआधीच ते अटलांटात ‘ओव्हरटाइम एलिट’ या नव्या लीगमध्ये किशोरवयीन खेळाडू घडवायला लागले होते. २०२३ मध्ये ब्रुकलिन नेट्सचे साहाय्यक झाले. हा संघ म्हणजेच पूर्वीचा न्यू जर्सी नेट्स, जिथे २००० साली ते खेळून गेले होते. संघ आता ब्रुकलिनला राहायला आला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षक जॅक व्हॉन यांना काढलं आणि उरलेल्या मोसमापुरतं काम ऑली सरांकडे आलं. वृत्तपत्रांत अशा पदाला आपण ‘हंगामी प्रशिक्षक’ म्हणतो. किती नेमका शब्द आहे बघा, तात्पुरता आणि हंगामापुरता, दोन्ही एकात.

सामने उरले होते २८. जिंकले ११, हरले १७. एप्रिलमध्ये नेट्सनी जोर्डी फर्नांडेझ यांची नेमणूक केली. अकरा संघ, केंटकीचे अकरा चुकलेले फ्री थ्रो, अकरा दशलक्ष, अकरा विजय. स्कोअरशीट भरणाऱ्या बाईला असली जुळणी दिसल्याशिवाय राहत नाही, तिचा अर्थ मला विचारू नका. प्रश्न असतील तर दुसरे विचारा. मी बसते इथेच.